घ्यायला शिकतोय

गरुडेश्वर,
चालण्याचा ४३वा दिवस

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

नर्मदा परिक्रमेत काल दिवेलागणीला गरुडेश्वरला पोचलो. आई, टेंबे स्वामींच्या समाधीवर तुझ्या नावानं डोकं टेकवलं. कोकणातल्या माणगावचा हा माणूस जन्मभर पायी हिंडला आणि १९१४ साली इथे, नर्मदामैयाच्या काठी विसावला. तिथून उठवेना.

पाय आता बरे आहेत. पहिल्या आठवड्यात तळव्यांना फोड आले होते. एका वयस्कर माताजींनी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा आतच ठेवला. रात्रीत पाणी झिरपून गेलं. सकाळी चाललो.

ओंकारेश्वरहून दक्षिण काठानं समुद्रापर्यंत आलो, विमलेश्वरला भरतीची वाट बघत थांबलो, नावेनं मिठी तलाईला उतरलो. आता उत्तर काठ. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्येच ओलांडायची नाही, एवढाच नियम. बाकी सगळं लोक बघतात. गावात शिरलं की हाक येते, "कितनी मूर्ती हैं? आसन लगाओ!" मूर्ती म्हणजे आम्ही परिक्रमा करणारे.

सांगायचं आहे ते आधीच्या, दक्षिण काठावरच्या शूलपाणीच्या झाडीतलं. काठावरची जुनी वाट धरणाच्या पाण्यात गेली, त्यामुळे डोंगरावरून चढउतार करावे लागतात. आपल्या नंदुरबारच्या हद्दीत एका पावरा आदिवासी आजीच्या झोपडीशी पाणी मागितलं. तिनं बसवलंच. डब्याच्या तळाशी हात घालून मक्याचं पीठ काढलं, डबा उपडा करून ठोकला. दोन भाकरी झाल्या. दोन्ही माझ्या ताटात, वर उडदाची डाळ. मी एक परत ठेवली, तिनं पुन्हा वाढली. निघताना पन्नासची नोट पुढे केली, तर तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी नोट धरून तसाच उभा. तिला काय दुखावलं ते कळलं तेव्हा डोळे भरून आले. नोट खिशात टाकली, तिच्या पाया पडलो.

त्यानंतर कितीतरी मैल तोच विचार. तुम्ही दोघांनी आम्हाला द्यायला शिकवलंत. आपल्या दारातून चहाशिवाय कुणी गेलं नाही. पण घेणं आपल्या घरात कुणालाच जमत नाही. बाबा, श्रावणात तुम्ही न्हाणीघरात घसरलात, ते शेजारच्या काकूंकडून मला महिन्यानं कळलं. काठी घ्या म्हटलं तर तुम्ही रागावलात. आई, शेजारचा मुलगा दारात उभा असताना सिलिंडर तू एकटी सरकवतेस. त्याला हात लावू दे गं. त्यालाही बरं वाटेल.

मी इथे रोज कुणाच्या तरी ओसरीवर झोपतो, कुणाच्या तरी चुलीवरचं जेवतो. आधी जड जायचं. आता "नर्मदे हर" म्हणून दोन्ही हात पुढे करतो.

अमरकंटकला वळसा घालून ओंकारेश्वरला पोचेपर्यंत चैत्र उजाडेल. पहिल्या दिवशी घेतलेला बांबूचा दंड अजून सोबत आहे, धरायच्या जागी गुळगुळीत झालाय. बाबा, तो तुमच्यासाठी आणतोय. तुम्हाला वीतभर उंच होईल, खालून कापून देईन.

तुमचा,
बाळू