राजमा सोडू नकोस

प्रिय सोनू,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि पोटात धस्स झालं. जेवून दोन तास होत नाहीत तोच उलट्या, मग जुलाब. आता बरं वाटतंय म्हणालीस, तरी आज दिवसभर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घेत राहा. पण "आता राजमा जन्मात खाणार नाही" म्हणालीस, ते मात्र मला पटलं नाही. म्हणून लिहायला बसले.

चूक राजम्याची नाही गं, आचेची आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. नीट न शिजलेले चार-पाच दाणे पोटात गेले तरी तुझ्यासारखा त्रास होऊ शकतो. पाण्याला खळखळून उकळी आली तरच ते नष्ट होतं. तुझ्या त्या मंद आचेच्या विजेच्या भांड्यात पाणी उकळलंच नसणार. दाणा मऊ झाला, तुला वाटलं शिजला, आणि विष आत तसंच राहिलं. असा अर्धवट तापलेला राजमा कधी कधी कच्च्याहूनही जास्त बाधतो.

पुढच्या वेळी रात्री भिजत घाल, निदान 5 तास तरी. सकाळी दाणे फुगून सालं ताणलेली दिसतील. एखादं साल सुरकुतलेलं असेल तर तो दाणा अजून पाणी पितोय. ते पाणी ओतून दे. ताज्या पाण्यात खळखळून निदान 10 मिनिटं उकळायचा, मी तर 30 धरते. मग आच कमी कर आणि दाणा चिमटीत दाबून बघ. मधे कडक कण लागला तर अजून वेळ आहे.

एवढा आग्रह का, तर मांस-अंडी सोडून तुला वर्ष झालं. 100 ग्रॅम शिजलेल्या राजम्यात सुमारे 9 ग्रॅम प्रथिनं आणि 6-7 ग्रॅम तंतू मिळतात. हरभरा, मसूर जवळपास तसेच. सोयाबीन प्रथिनांत त्यांच्या दुपटीला जातं, पण त्यात तेलही बरंच असतं. चवळीत फोलेट, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व, भरपूर: 100 ग्रॅम शिजलेल्या चवळीत 200 मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाची गरज 400 धरली तर निम्मी भागली.

लोहाचं मात्र नीट ऐक, तुझं हिमोग्लोबिन मागे कमी आलं होतं. कडधान्यात लोह असतं, पण ते अंगी सहज लागत नाही. फायटिक आम्ल त्याला धरून ठेवतं. भिजवल्याने, मोड आणल्याने ते आम्ल कमी होतं. वर लिंबू पिळ, आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नकोस, तासाभराने घे. जीवनसत्त्व बी-12 कुठल्याच कडधान्यात नसतं. त्यासाठी दूध-दही चालू ठेव आणि गोळी लागेल का ते डॉक्टरांना विचार.

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं कडधान्याला कमी पडणारं मेथिओनिन धान्यात असतं, आणि धान्याला कमी पडणारं लायसिन कडधान्यात. दोन्ही एकाच घासात असायलाच हवीत असं नाही, दिवसभरात पोटात गेली की झालं.

आज पोटाला विश्रांती दे. दोन-तीन दिवसांनी मऊ शिजवलेले मूग घे, वाटीभरच. पचायला हलके असतात. मग आठवडाभराने राजमा. उकळायला ठेवलास की मला फोन लाव, आच मोठी आहे ना ते मी विचारणारच आहे.

तुझी,
आई