लिंचकडे चेंडू न देणं ही घोडचूक नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत व्यवस्थापनावरच्या सदरात ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण समजावताना अमेरिकन फुटबॉलमधला एक प्रसंग दिला होता. २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे तिथल्या साखळीच्या अंतिम सामन्यात, सिएटल सीहॉक्सला जिंकायला एक यार्ड हवा होता, मार्शॉन लिंचसारखा ताकदीचा धावपटू हाताशी होता, तरीही प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी चेंडू फेकायला लावला आणि हातातोंडाशी आलेला सामना घालवला, असा त्याचा मथितार्थ. म्हण चांगली आहे. उदाहरण चुकलंय.

मी २२ वर्षं सिएटलच्या शेजारी बेलव्ह्यूला राहतो. १ फेब्रुवारीचा तो सामना आम्ही सात-आठ मराठी कुटुंबांनी एका मित्राच्या तळघरात बसून पाहिला. आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. तिला नियमांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चेंडू समोरच्याने पळवला आणि खोलीत चिडीचूप झालं, तेव्हा पहिली बोलली तीच. “अरे, मघाचा तो दांडगा गडी होता ना? मग त्याच्याच हातात का नाही दिला?” दुसऱ्या दिवशी इथल्या बहुतेक वर्तमानपत्रांनी आईचंच वाक्य इंग्रजीत छापलं. त्या रात्री मीही तिच्याच बाजूचा होतो. आज नाही.

लेखात ती सिएटलची ‘चौथी आणि अखेरची संधी’ असल्याचं म्हटलंय. ती दुसरी होती. चूक बारीक वाटेल, पण सगळा हिशेब तिथेच फिरतो. या खेळात पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. त्यांना डाउन म्हणतात. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८-२४ ने पुढे होते. अंतर चार गुणांचं, म्हणजे तीन गुणांची किक मारून भागणार नव्हतं, टचडाउनच हवा: चेंडू मैदानाच्या टोकाजवळच्या गोल लाइनपलीकडे न्यायला हवा. सिएटलच्या जर्मेन कर्सने उताणं पडून अंगावरून घरंगळणारा चेंडू कसाबसा धरला, तेव्हा १ मिनिट ६ सेकंद उरले होते आणि चेंडू गोल लाइनपासून पाच यार्डांवर होता. पहिल्या डाउनला चेंडू लिंचलाच दिला. तो चार यार्ड गेला आणि पेट्रियट्सच्या डोंटा हायटावरने खांदा लावून त्याला एक यार्ड अलीकडे पाडलं. तेव्हा आईच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे, की दिला होता.

दुसरा डाउन सुरू झाला तेव्हा घड्याळात २६ सेकंद आणि सिएटलकडे एकच टाइमआउट. नियम असा की धावणारा मैदानात पाडला गेला तर घड्याळ चालूच राहतं. फेकलेला चेंडू कुणीच न झेलता खाली पडला तर थांबतं. दुसऱ्या डाउनला लिंच अडला असता तर तो एकुलता टाइमआउट तिथेच खर्ची पडला असता. तिसऱ्यालाही तोच अडला, तर दीड-दीडशे किलोच्या माणसांचा ढीग उपसून पुन्हा रांगेत उभं राहीपर्यंत सामना आटोपण्याची भीती. म्हणजे तिसऱ्याला फेकणं भाग, आणि ते समोरच्यालाही ठाऊक. उलट दुसऱ्यालाच फेकला आणि चेंडू खाली पडला, तर घड्याळ फुकटात थांबतं, टाइमआउट शाबूत राहतो, आणि पुढच्या दोन्ही वेळी लिंचला द्यायला रान मोकळं. तिन्ही प्रयत्न वसूल करायचे तर त्यांतला एक फेकीचा हवाच होता, आणि तो कुणाला अपेक्षा नसताना टाकलेला बरा.

शिवाय समोर कोण उभं होतं तेही बघा. पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी लिंचला रोखायला अंगापिंडाने भरलेले गडी मैदानात उतरवले होते आणि मागे फेक अडवणारे फक्त तीन कॉर्नरबॅक ठेवले होते. सिएटलचे तीन रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारे, मैदानात. त्या गर्दीत डोकं खुपसण्यापेक्षा एकदा बाजूने फेकून पाहावं, असं कॅरोलना वाटलं यात नवल काय?

आता आकडे, कारण लेखकाने ते दिलेले नाहीत. त्या हंगामात तोवर सगळ्या संघांनी मिळून एक यार्डावरून १०८ वेळा चेंडू फेकला होता. टचडाउन ६६. समोरच्याने झेलून पळवल्याचे प्रसंग शून्य. धावून केलेले प्रयत्न २२३, टचडाउन १२९. म्हणजे फेकून ६१ टक्के, धावून ५८. आणि खुद्द लिंच? नियमित हंगामात एक यार्डावरून पाच वेळा चेंडू त्याच्या हातात दिला गेला, टचडाउन झाला एक. पाचांत एक! हा आकडा वाचला त्या दिवशी मी आईचा पक्ष सोडला.

झालं ते असं. कर्स पुढे आणि रिकार्डो लॉकेट त्याच्या मागे, असे दोघे उजवीकडे उभे राहिले. कर्सने समोरच्याला अडवायचं आणि लॉकेटने तिरकं आत घुसायचं. याला स्लँट म्हणतात. पण कर्ससमोर ब्रँडन ब्राउनर होता, जो त्याआधी सिएटलकडूनच खेळलेला. त्याने कर्सला जागचं हलू दिलं नाही. वाट मोकळी मिळाली ती पेट्रियट्सच्याच माल्कम बटलरला. त्या वर्षी कुठल्याच संघाने निवड यादीतून न उचललेला, वेस्ट अलाबामासारख्या छोट्या कॉलेजातून आलेला हा पहिल्याच हंगामाचा पोरगा. हीच चाल त्या आठवड्याच्या सरावात त्याच्यावर वापरली गेली होती आणि तेव्हा तो उशिरा पोचला होता. इथे तो लॉकेटच्याही आधी पोचला आणि चेंडू त्यानेच झेलला. घड्याळात २० सेकंद.

चेंडू फेकला म्हणून सामना गेला, असं म्हणणाऱ्यांना बटलर दिसतच नाही, याचं मला खरं दुःख आहे.

एका मुद्द्यावर मात्र मी लेखकाबरोबर अर्धी वाट चालतो. फेकायचं ठरवणं बरोबर. कुठे फेकायचं, यावर भांडता येईल. गोल लाइनजवळ मैदान आखूड होतं. गोल लाइनमागचा एंड झोन जेमतेम दहा यार्ड खोल, त्यामुळे लांब फेकीची भीती बचावाला उरत नाही; मागची रेघ त्यांचा बारावा गडीच होते. अकरा माणसं अकरा यार्डांत दाटीवाटीने उभी असताना मधोमध तिरका चेंडू टाकणं जोखमीचं. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक रसेल विल्सन पायांनी चपळ होता. त्याला कडेला पळवत न्यायचं, कुणी मोकळा दिसला तर द्यायचा, नाहीतर चेंडू सरळ प्रेक्षकांत भिरकावायचा, असं करता आलं असतं. घड्याळ थांबलंच असतं.

या एक यार्डासाठी लोकांनी काय काय डोकी लढवली आहेत! १९८६ च्या सुपर बोलमध्ये शिकागो बेअर्सने ‘रेफ्रिजरेटर’ टोपणनावाच्या विल्यम पेरी या अगडबंब बचावपटूच्या हातात चेंडू दिला आणि त्याने टचडाउन केला. आमच्या तळघरातल्या मंडळींची आवडती गोष्ट माइक व्रेबलची. पेट्रियट्सचा हा लाइनबॅकर, म्हणजे काम समोरच्याला पाडायचं. गोल लाइनजवळ आला की त्याला आक्रमणात उभं करायचे. सगळ्यांना वाटायचं, हा धक्के द्यायला आलाय. हा हळूच निसटून एंड झोनमध्ये उभा. नियमित हंगामांत मिळून त्याने दहा चेंडू झेलले; दहाच्या दहा टचडाउन. वर दोन सुपर बोलमध्ये एकेक. अलीकडे फिलाडेल्फिया ईगल्सने हा गनिमी कावाच मोडीत काढलाय. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सच्या मागे दोघे-तिघे उभे राहतात आणि त्याला सरळ पुढे ढकलतात. २०२५ मध्ये हे बंद पाडायचा ठराव आला. ३२ पैकी २४ मतं लागत होती, २२ पडली.

पण लेखकाचा मुद्दा चालीचा नाही, शहाणपणाचा आहे. म्हणून त्याच मिनिटातल्या दुसऱ्या प्रशिक्षकाकडे बघू. लिंच एक यार्डावर पडला, तेव्हा बेलिचिक यांच्याकडे टाइमआउट होते. सगळा देश ओरडत होता की घ्या, घड्याळ थांबवा, सिएटलने गुण केलेच तर आपल्या क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला परत यायला वेळ ठेवा. त्यांनी घेतला नाही. हाताची घडी घालावी तसे बघत राहिले. एका मिनिटाचे २६ सेकंद झाले. बटलरच्या हातून तो चेंडू सुटला असता आणि पुढच्या चालीत लिंच आत घुसला असता, तर आपल्या सदरात आज बेलिचिक ‘अतिशहाणे’ म्हणून आले असते. चेंडू सुटला नाही, म्हणून ते चाणक्य.

याहून जुनं उदाहरण ३१ डिसेंबर १९६७ चं. ग्रीन बे, उणे २५ अंश सेल्सिअस, पायाखाली बर्फ. डॅलस काउबॉइज १७-१४ ने पुढे, ग्रीन बे पॅकर्सला दोनेक फूट हवेत. तिसरा डाउन, १६ सेकंद, टाइमआउट एकही नाही. कॅरोलपेक्षा वाईट अवस्था. चेंडू फेकला आणि तो खाली पडला, तर किक मारून बरोबरी साधायची सोय होती. प्रशिक्षक विन्स लोम्बार्डींच्या पॅकर्सने तो मार्ग सोडला. क्वार्टरबॅक बार्ट स्टार स्वतःच चेंडू घेऊन जेरी क्रेमरच्या मागून आत पडला. २१-१७. तो तिथे अडला असता तर किक मारायला रांगेत उभं राहण्याइतकाही वेळ बहुधा उरला नसता. घड्याळाच्या हिशेबाने लोम्बार्डींनी कॅरोलपेक्षा मोठा जुगार खेळला, आणि सुपर बोलच्या चषकाला नाव त्यांचंच आहे.

आपल्याकडचं म्हणाल तर जोहान्सबर्ग, २००७. हरभजनची एक ओव्हर बाकी असताना धोनीने शेवटची ओव्हर जोगिंदर शर्माला दिली. पाकिस्तानला चार चेंडूंत सहा हवे होते, तेव्हा मिस्बाहचा चेंडू हवेत गेला आणि श्रीसंतच्या हातात पडला. दहा-पंधरा यार्ड पुढे गेला असता तर? धोनीचे पुतळे त्या वर्षी दुसऱ्यांदा जाळले असते, आणि जोगिंदरला ओव्हर का दिली यावर आपणच अग्रलेख लिहिला असता.

कॅरोल यांनी स्वतः नंतर टीव्हीवर सांगितलं, की त्या निर्णयाचा निकाल याहून वाईट लागूच शकला नसता. ‘निकाल’ म्हणाले, ‘निर्णय’ नाही. लोक हसले. मला तो माणूस त्या दिवशी फार मोठा वाटला. आमच्या कंपनीत फसलेल्या प्रकल्पानंतर एवढा नेमका शब्द वापरणारा साहेब मी २२ वर्षांत पाहिलेला नाही.

आईला अजून पटलेलं नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. तिचं म्हणणं, पाचांत एक झाला तर सहावा झाला नसता कशावरून? याला माझ्याकडे उत्तर नाही.

लेखकाचं मत त्यांच्यापाशी. पण ‘चौथी संधी’ च्या जागी ‘दुसरी संधी’ एवढी दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
बेलव्ह्यू, वॉशिंग्टन (मूळ सातारा)