उशाला धरण

१२ मे

प्रिय मंगल,

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर नाही, म्हणून रागावली असशील. आंब्यांत गुंतले असेन असं वाटलं असेल तर तसं नाही. यंदा मोहोर सगळा अवकाळीनं झोडपला. गुंतले ते दुसऱ्याच कामात. मुळशी धरणाच्या काठच्या आमच्या डोंगरावर पाण्याच्या विजेच्या प्रकल्पासाठी भोकं पाडून दगड तपासायला माणसं आली होती.

झालं काय, की फेब्रुवारीत एक दिवस वरच्या माळावरून घरघर ऐकू यायला लागली. तात्या (आमचे चुलत सासरे, ऐंशी पार) काठी टेकत वर गेले. बघतात तर त्यांच्या वरकसात (डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत) बोअर मारायची गाडी उभी! नाचणीच्या जागेत पाइप, ताडपत्री, डिझेलचे कॅन. विचारलं ना सांगितलं. दगडादगडांवर लाल रंगानं आकडे घातलेले. म्हसोबालासुद्धा एक आकडा घातला होता, सतरा. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर शेंदूर थापला. कुणी ते अजून कबूल करत नाही, पण माझ्या जावेची बोटं चार दिवस केशरी होती.

मी गेले तेव्हा पत्र्याच्या लांब पेट्यांत दगडाच्या कांड्या रचून ठेवलेल्या दिसल्या, उसाच्या कांड्या रचाव्यात तशा. प्रत्येक कप्प्यावर किती मीटरवरून काढला ते लिहिलेलं. एक उचलून पाहिली. काळाभोर दगड, मध्ये पांढरे ठिपके, उन्हानं तापलेला. तात्या म्हणाले, "आपलं रक्त तपासायला एवढ्या वेळा कोण आलं नाही."

कंपनीचं नाव लिहीत नाही. कागदावर एक असतं, गाडीवर दुसरं, आणि मजूर तिसऱ्याच ठेकेदाराचे.

तू लिहिलंस, "शालन, दिवसा सूर्याची वीज फुकट जाते आणि संध्याकाळी सगळी मुंबई एकदम दिवे लावते. कोळसा जाळायचा नसेल तर पाणी कुठंतरी वर चढवून ठेवावंच लागेल." तीस वर्षं वीज मंडळात काढलेली बाई तू, तुझ्याशी मी काय वाद घालणार? मला पटतंय ते. दुपारच्या स्वस्त विजेनं खालच्या तळ्यातलं पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडून वीज करायची. शंभर युनिट घातले तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, हे तूच मला फोनवर समजावलंस. आमच्या धरणाचं पाणी कड्याखाली जिथं उतरतं त्या भिऱ्याच्या वीजघरात असा एक संच गेली कित्येक वर्षं चालूच आहे. आता २०२३पासून सरकारनं सह्याद्रीत अशा प्रकल्पांचे करारांवर करार केलेत. भिवपुरी, शिरवता ही नावं तू पेपरात वाचलीच असशील. कोल्हापूरकडे पाटगावला वेदगंगेच्या खोऱ्यातले लोक विरोधात उभे राहिले, तेही वाचलं असशील.

माझं भांडण पाण्याशी नाही आणि विजेशी तर नाहीच. आधी खणायचं आणि मग विचारायचं, ते का, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि हे इथं पहिल्यांदा होत नाही गं. तुला आठवतं, लग्नानंतर पहिल्यांदा आलीस तेव्हा धरण बघून "काय सुंदर सरोवर!" म्हणाली होतीस, आणि सासूबाई उठून आत गेल्या होत्या? त्याच्या तळाशी त्यांच्या सासऱ्यांची खाचरं आहेत. आंबेमोहोराची. टाटा कंपनीची माणसं १९२०च्या सुमाराला अशीच आली, न विचारता शेतांत चर खणायला लागली. पन्नासहून जास्त गावं बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीला, मावळे बायकापोरांसकट धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबलं. डिसेंबरात पुन्हा सुरू झालं. पांडुरंग महादेव बापट इथल्या लढ्यातच 'सेनापती' झाले. शेवटी रेल्वे अडवली म्हणून त्यांना सात वर्षं कैद झाली. लढ्याच्या पुढाऱ्यांत विनायकराव भुस्कुटेही होते. 'जान किंवा जमीन' ही त्या वेळची घोषणा. जमीन गेली. १९२७पासून भिऱ्याला वीज तयार होऊ लागली आणि मुंबईला निघाली.

या गोष्टीत सेनापती सगळ्यांना माहीत असतात. मला मात्र त्यातला दुसराच भाग खुपतो. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. कसणाऱ्याला जमीन हवी होती, सावकाराला भाव. मग मोबदल्याची बोलणी सुरू झाली आणि लढ्याला आतून चीर गेली. आज सावकार नाहीत, पण पुण्याचे फार्महाउसवाले आहेत. परवा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्यातला एक विचारत होता, "गुंठ्याला काय रेट देतायत?"

बोअरच्या गाडीवर एक पोरगा होता, इंजिनिअर, पंचवीसचा असेल. उन्हात उभा राहून तोंड काळवंडलेलं. मी ताक नेलं. (तात्या दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.) गाव विचारलं तर म्हणाला सांगोला. मी म्हटलं, मग हे पाणी तुझंच की रे! त्याला कळेना. म्हटलं बघ, ही मुळा. धरण नसतं तर हे पाणी पुण्यात मुठेला मिळालं असतं, पुढे भीमेला, मग उजनी, मग पंढरपूर. आमचं पावसाचं पाणी तुझ्या अंगणाजवळून गेलं असतं. ते पश्चिमेला वळवून कड्यावरून पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडतात, वीज काढून घेतात आणि कुंडलिकेतून ते रोह्यावरून समुद्राला जातं. कृष्णा खोऱ्यातलं असं पश्चिमेला वळवलेलं पाणी टाटांच्या धरणांचं वर्षाला साधारण बेचाळीस टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आणि कोयना धरणाचं साडेसदुसष्ट वेगळं. पोरगा ताकाचा पेला हातात धरून बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "काकू, मला फक्त भोक मारायला सांगितलंय."

आमची सई मागच्या वर्षी ऑफिसच्या लोकांबरोबर कोलाडला राफ्टिंगला गेली होती, माहितीय? भिऱ्याचं पाणी सकाळी सोडतात त्यावर ते सगळं चालतं. पणज्याच्या खाचरावरचं पाणी, आणि ही त्यात पैसे देऊन ओरडत आली. फोटो पाठवले. मी अंगठा दिला, दुसरं काय करणार.

आम्ही इथं काय करतो ते सांगू? मेमध्ये टँकरची वाट बघतो. 'धरण उशाला अन् कोरड घशाला' ही म्हण आमच्या गावात बसूनच कुणीतरी केली असणार. नळयोजनेचे पाइप आलेत, घरापर्यंत आलेत, तोट्यासुद्धा चकचकीत आहेत. पाणी यायचं राहिलंय. ड्रमच्या रांगेत उभं राहिलं की समोर निळंशार पाणी दिसतं.

त्या रांगेतच ठरलं सगळं. ग्रामसभेत विषय काढला तर उत्तर मिळालं की विषयपत्रिकेवर नाही, 'ऐनवेळचे विषय' मध्ये घेऊ. ऐनवेळ यायच्या आत सभा संपली. मग आम्ही बायकांनी महिला ग्रामसभा धरली, ती कुणी फारशी मनावर घेत नाही म्हणून बरं झालं. त्रेसष्ट सह्या आणि अंगठे. ठराव साधा आहे. परवानगीशिवाय वरकसात भोक नको, कागद मराठीत द्या, आणि तळं पहिल्यांदा भरायला पाणी कुठून आणि किती घेणार ते लिहून द्या. आमची ठमाकाकू म्हणाली, चौथं घाला, "आमच्या ड्रमाचं काय?" तेही घातलं, त्याच शब्दांत.

सगळं गाव एक आहे असं समजू नकोस. तरण्या पोरांना वाटतं नोकरी लागेल, आणि त्यांचं चूक आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझा पुतण्याच त्यांच्या गाडीवर रोजानं जात होता. संध्याकाळी घरी जेवायला बसला की कुणी विषय काढत नाही. वाढायचं आणि उठायचं.

गाडी एप्रिलअखेर निघून गेली. आमच्यामुळं गेली की काम संपलं म्हणून, देव जाणे. भोकांवर लोखंडी टोपणं बसवून गेलेत.

आता तुझं काम. सोबत प्रकल्पाच्या कागदांच्या बेचाळीस पानांच्या झेरॉक्स पाठवतेय. सगळं इंग्रजी आणि आकडे. उद्या जनसुनावणी लागलीच तर सारांश मराठीत द्यावा लागतो, पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? मला तीनच गोष्टी शोधून दे. पहिल्या भरणीला पाणी किती. उन्हानं दरवर्षी उडून जाईल तेवढं भरून कुठून काढणार. आणि ही वीज कुणाला विकणार, ते कुठं लिहिलंय का. सव्विसाव्या पानावर पेन्सिलनं खूण केलीय तिथं काहीतरी घोळ आहे असं मला वाटतं. एका तक्त्यात एक आकडा आणि खाली दुसराच. माझी चूक असेल तर तसं सांग, सभेत फजिती नको.

सभा २८ तारखेला आहे. आदल्या दिवशी ये. स्वारगेटहून पौडपर्यंत एसटीनं ये, पुढं यांना जीप घेऊन पाठवते. जुना आंबेमोहोर राखून ठेवलाय तुझ्यासाठी. वरणाचं मात्र नाव काढू नकोस, टँकरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. पिठलं करीन.

तुझी,
शालन