बागेत वाढू दिलेल्या गाजरगवताबद्दल तक्रार

पुणे, १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
बाग देखभाल विभाग

विषय : सोसायटीच्या बागेतील गाजरगवत

महोदय,

आमच्या सोसायटीची मागची बाग वार्षिक कराराने आपल्या कंपनीकडे आहे. मे-जूनमध्ये आपला एकही माणूस तिकडे फिरकला नाही. पाऊस सुरू होताच गुलाबाच्या वाफ्यांत आणि घसरगुंडीभोवती कसलीतरी रोपे दाट उगवली. मी फोटो पाठवले, तेव्हा आपल्या सुपरवायझरनी कळवले की ही रानशेवंती आहे, राहू द्या.

ती शेवंती नव्हती. कोवळेपणी पान शेवंतीसारखे दिसते, हे खरे. पण गाजराच्या पाल्यासारखी खोल कातरलेली पाने, खोडावर उभ्या रेषा आणि बारीक लव, शेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी फुले, एवढे पाहिल्यावर शेतावर वाढलेला कोणीही गाजरगवत म्हणून सांगेल. या तणाची भारतातली पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली. पुण्यात बागकाम करणाऱ्या कंपनीला ते ओळखता येऊ नये, याचे मला फार वाईट वाटते.

खरा घात त्यानंतर झाला. २९ जुलैला, झाडे ऐन फुलावर असताना, आपल्या माणसांनी ती मशीनने छाटली. मुळे जमिनीतच राहिली आणि पंधरवड्यात बुडख्यांना नवे फुटवे आले. चिरडलेला पाला आणि परागकण बागभर उडाले. या गवतात पार्थेनिन नावाचे विषारी द्रव्य असते, त्याने त्वचेला ॲलर्जी होते. परागकणांनी दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. छाटलेला पाला आपल्याच मावशींनी उघड्या हातांनी गोळा केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातांवर, मानेवर पुरळ उठले, डोळे सुजले. डॉक्टरांकडे त्यांना आम्ही नेले. ते काम आपले होते.

आता जमीन ओली आहे तोवर, फुटवे फुलावर येण्याआधी, सगळी झाडे मुळासकट उपटून घ्या. उपटणाऱ्यांना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट द्या. त्याशिवाय आम्ही कोणाला बागेत उतरू देणार नाही. एकेका झाडाला हजारो बिया धरतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी फेरी लागेल. कुंपणाकडेच्या मोकळ्या पट्ट्यात टाकळ्याचे बी टाकावे, तो माजला की गाजरगवताला जागा उरत नाही.

मे-जूनचे पैसे परत करावेत आणि मावशींच्या उपचाराचा खर्च कंपनीने द्यावा. त्या दिवसांचा पगार त्यांना मिळालेला नाही, तोही द्यावा. डॉक्टरांच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. आठ दिवसांत लेखी उत्तर हवे आहे. तोवर मुलांना घसरगुंडीकडे जाऊ देणे आम्ही बंद केले आहे.

आपली,
सचिव, गृहनिर्माण सोसायटी