आतून कडी घालायला सांगणाऱ्या काकूंना

ती. काकूंस,
साष्टांग नमस्कार.

घरी येऊन सायकल धुऊन ठेवली, कामावरही रुजू झाले, तरी तुम्ही मनातून हलत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं.

कोकणात रेवसहून रेडीपर्यंत सागरी मार्गाने एकटीने सायकलवर जायचं, हे फार जुनं ठरलेलं. हा रस्ता दमवतो. खाडी आली की उतार, मग फेरीबोट, आणि पलीकडे पुन्हा सड्यापर्यंत, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारापर्यंत, छातीवरचा चढ. आगरदांडा, बागमांडला, दाभोळ, सगळीकडे तेच. त्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती तुमच्याकडे पोहोचले त्या दिवशी दुपारी भेटलेल्या लॉजवाल्याची. किल्ल्या त्याच्या मागे खिळ्यांना लटकत होत्या, आधारकार्ड मी पुढे केलेलं. "एकट्या लेडीजला देत नाही आम्ही. मिस्टर येणार असतील तर सांगा." माझ्यादेखत एकटा पुरुष किल्ली घेऊन वर गेला. त्याला कुणी मिसेसबद्दल विचारलं नाही.

हेदवी सोडून तवसाळकडे निघाले आणि सड्यावर मागचा टायर कडेने फाटला. अंधारून आलेलं. एक गाडी थांबली, काच खाली झाली, "एकटीने कशाला निघायचं एवढ्या लांब?" आणि काच पुन्हा वर. सायकल ढकलत निघाले, तेव्हा पहिला दिवा दिसला तो तुमच्या पडवीतला.

"एकटीच गो?" तुम्हीही विचारलंत. पण उत्तराची वाट न बघता पाण्याचा तांब्या पुढे केलात. कुळथाची पिठी, गरम भात, भाजलेला सुका बांगडा, सगळं आठवतंय. तरी हे पत्र लिहायला लावलं ते नंतरच्या गोष्टीने. मला खोली दाखवताना तुम्ही दार लावून कडी सरकवून बघितलीत. सैल वाटली, तर काकांना बोलावून खिळा ठोकून घेतलात. मग म्हणालात, "आतून घाल. रात्री कुणी हाक मारली, अगदी ह्यांनी मारली, तरी माझा आवाज आल्याशिवाय उघडू नको."

काकू, वाटेत कितीतरी जणांना मी एकटी म्हणजे संशयाची, नसती जबाबदारी वाटले. भीती मलाही असते, रोज दिवस कलला की असते, हे ओळखलंत फक्त तुम्ही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्यासमोर परक्या मुलीला हे सांगायला केवढं मोठं मन लागतं! आणि काकांनीही त्यात अपमान मानला नाही, "बरोबर आहे" म्हणून हातोडी ठेवायला गेले. पोलिसांचा नंबर, ॲप, सगळं माझ्या मोबाइलमध्ये होतं. सड्यावर रेंज नव्हती. तुमच्यासारखी माणसं रस्त्याकडेला राहतात, म्हणून आम्हा बायकांना असं निघता येतं. त्या रात्री मी गाढ झोपले. प्रवासात तोवर तशी झोप लागली नव्हती.

सकाळी पैसे पुढे केले तर रागावलात, आंब्यांना ये म्हणालात. येतेय. मे महिन्यात, आईला घेऊन, एसटीने. तिला तुम्हाला भेटायचंच आहे.

आणि काकांना सांगा, जुन्या टायरचा तुकडा कापून त्यांनी फाटक्या टायरला आतून टाकलेलं गेटर, म्हणजे ते ठिगळ, थेट रेडीपर्यंत टिकलं.

तुमची,
पुण्याची सायकलवाली