कार्बनचा हिशेब पूर्ण मांडा

महोदय,

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. त्यामुळे विश्वाच्या गोष्टी मराठवाड्यात यापुढे शाळाशाळांतून निघणार, हे फार चांगले आहे. त्या गप्पांत एक वाक्य हमखास येते : निसर्गाचे आकडे तिळभर बदलले असते, तर जीवसृष्टी झालीच नसती. या वाक्यामागचा हिशेब मुलांना पूर्ण दाखवला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

कार्बनचेच घ्या. ताऱ्याच्या गाभ्यात तापमान १० कोटी केल्विनच्या आसपास गेले की हेलियमची दोन अणुकेंद्रके जुळून बेरिलियम-८ होते. ते सेकंदाच्या सुमारे एक कोटी अब्जाव्या भागात फुटते. तेवढ्यात तिसरे हेलियम येऊन धडकले तरच कार्बन. असा कार्बन नाममात्रच झाला असता. म्हणून जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये भाकीत केले, की कार्बनला ७६.५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (अणुकेंद्रकाची ऊर्जा मोजण्याचे एकक) आसपास एक ऊर्जापातळी, म्हणजे केंद्रकाला घेता येणारी ठरावीक ऊर्जा, असलीच पाहिजे, म्हणजे ही जुळणी झपाट्याने होईल. अमेरिकेत कॅलटेक या संस्थेतल्या प्रयोगात ती सापडली. केवळ कार्बन भरपूर आहे एवढ्यावरून अणुकेंद्रकाच्या आतले भाकीत करणे, ही विसाव्या शतकातली थक्क करणारी झेप होती. पुढे ऑक्सिजनची पातळी ७१.२ लाखांवर, म्हणजे हेलियम आणि कार्बन मिळून होणाऱ्या ७१.६ लाखांच्या जरा खाली आहे. ती वर असती तर बहुतेक कार्बन ऑक्सिजनमध्येच खपला असता.

आता चूक कुठे होते ते पाहा. १९८९ मध्ये खगोलभौतिकशास्त्रज्ञ मारिओ लिव्हिओ व सहकाऱ्यांनी गणित केले : कार्बनची ती पातळी ०.६ लाखाने वर सरकवली तरी कार्बनच्या उत्पादनात फार फरक पडत नाही. ७६.५ लाखांत ०.६ लाख म्हणजे एक टक्कासुद्धा नाही, मग विश्व काठावर उभे आहे असे वाटते. पण तीन हेलियमची एकत्रित ऊर्जा ७२.७५ लाखांवर आहे, आणि पातळीचे अंतर मोजायचे ते तिथून. ते जेमतेम ३.८ लाख भरते, त्यातले ०.६ लाख म्हणजे सुमारे १६ टक्के. विहिरीतले पाणी किती खोल, हे आपण काठापासून मोजतो, समुद्रसपाटीपासून नाही. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनीही असाच आक्षेप घेतला होता.

विश्वस्थिरांकाचे, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या आकड्याचे, कोडे मात्र खरोखर कठीण आहे. तो फार मोठा असता तर दीर्घिका जुळण्याआधीच द्रव्य पांगले असते, आणि तो इतका लहान का, याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. ‘जीव नसते तर विचारणाराही नसता’ हे खरे, पण त्याने आपण इथे का हे कळते, आकडा तेवढाच का हे कळत नाही. विद्यार्थ्यांसमोर ही दोन्ही कोडी एकाच दावणीला बांधू नयेत.

कार्बनचे गणित दहावीच्या फळ्यावर सहज मावते. ७६.५ मधून ७२.७५ वजा करायला सांगावे आणि टक्केवारी मुलांनाच काढू द्यावी.

– भौतिकशास्त्राचे अध्यापक, हिंगोली