अख्खा सेट बदला म्हणण्याआधी बिघाड तरी दाखवा

मा. संपादक,

घोडबंदर रोडला राहणाऱ्या आणि जुनी एएमटी (आपोआप गिअर बदलणारी) गाडी चालवणाऱ्या लोकांसाठी मुद्दाम लिहितेय. माझी छोटी हॅचबॅक 2015 ची, लाखभर किलोमीटर झालेली. मागच्या महिन्यात आईला घेऊन मीरा रोडला मामाकडे निघाले होते, गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये थांबले आणि परत गिअरच पडेना, मीटरवर नुसता न्यूट्रलचा एन लुकलुकतोय, मागे कंटेनर, आई घाबरून गप्प. ट्रॅफिक हवालदार आणि दोन रिक्षावाले धावून आले म्हणून गाडी कडेला लागली, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. दुसऱ्या दिवशी फोन, मॅडम एएमटीचा, म्हणजे गिअर टाकणाऱ्या यंत्रणेचा अख्खा सेट आणि क्लच बदलावा लागेल, 84 हजार. अहो गाडी विकली तरी पावणेदोन लाख येतील की नाही शंका! बिघडलंय नेमकं काय, स्कॅनरवर बिघाडाचा कोड (फॉल्ट कोड) कुठला आला विचारलं तर म्हणे सेटच येतो, सुटा पार्ट मिळत नाही. पार्टवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 चा 18 टक्के झालाय, पण नको असलेला सेट गळ्यात मारला तर त्याचा गिऱ्हाइकाला काय उपयोग?

शेवटी गाडी वागळे इस्टेटमधल्या एका मेकॅनिककडे नेली. त्यांनी आधी नीट समजावलं की एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्याऐवजी मशीन करतं, माझ्या गाडीत ते हायड्रॉलिक पंपावर चालतं आणि पंपाचं प्रेशर बसलं की गिअर पडत नाही. पंपाचा रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा इलेक्ट्रिक स्विच, जळालेला, ऑइल कमी झालेलं. क्लच प्लेट मात्र खरंच संपलेली, ती माझ्यासमोर काढून हातात दिली. क्लच सेट, रिले, ऑइल, मजुरी आणि शेवटी स्कॅनर लावून नव्या क्लचचं लर्निंग (नवा क्लच कुठे लागतो ते गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवणं), सगळं मिळून 21,600. हे लर्निंग करून घ्याच, नाहीतर नवा क्लच टाकूनही गाडी झटके देते.

अजून एक कळलं. चढावर ब्रेक न दाबता नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की क्लच अर्धा लागलेला राहतो आणि घासून जळतो. ऑटोमॅटिक आहे म्हणून मी वर्षानुवर्षं तेच करत आले, गाडी घेताना कुणी एका शब्दाने सांगितलं नाही याचं फार वाईट वाटतं.

केंद्राच्या ग्राहक विभागाने डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअर, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत, पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर त्याचा पत्ता नाही. माझं म्हणणं एवढंच, जॉबकार्डवर फॉल्ट कोड लिहून द्यायचा, काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला परत करायचा आणि सुटे पार्ट बाहेरच्या मेकॅनिकलाही विकायचे, हे सक्तीचं करा. ज्याच्या ओळखीत चांगला मेकॅनिक नाही तो माणूस 84 हजार भरतो नाहीतर चालती गाडी भंगारात घालतो.

मी ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार केलीय, एस्टिमेटचा कागद जपून ठेवलाय. उत्तर आलं की परत कळवेन.

एक वाचक, कासारवडवली, ठाणे (प.)